जीपच्या डायनामोवरचा दिवा

कोपरखैरणे,
१२ जानेवारी १९९४

तीर्थरूप बाजीरावमामा,

भाचीचा वाकून नमस्कार. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि हे माझं तुम्हाला चौथं की पाचवं पत्र, तेही काम निघालं म्हणून. आधी मनातल्या मनात माझ्याशी भांडून घ्या आणि मग पुढे वाचा.

काम असं आहे. ढालगावच्या माळावर तुमच्या घरापर्यंत विजेची तार कधी पोचली नाही, तरी तुमच्याकडे दिवा लागतो आणि रेडिओ वाजतो. सुट्टीत आले की मी छपरावरचं तुमचं चक्र बघत बसायचे, आणि ‘पोरीच्या मानेला उसण भरेल’ म्हणून आई ओरडायची. तसलं एक चक्र मला करून हवं आहे.

आमचं घर ओळीतलं, दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या. पुढे दार, मागे मोरी, मधल्या खोलीत भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. त्यात इथे लाइट सारखी जाते. लाइट गेली की क्षिप्रा किंचाळत सुटते. आता आठ वर्षांची झाली, तरी अंधाराची तिनं फार धास्ती घेतली आहे. मला मोठं काही नको, मधल्या खोलीत एक दिवा हवा. कोणाच्याही लाइटवर अवलंबून नसलेला. गच्ची आमची स्वतःची आहे आणि खाडीकडून वारा इतका येतो की वाळत घातलेले कपडे दोनदा पलीकडच्या गल्लीतून आणले.

हे तुर्भ्याच्या कारखान्यात आहेत तसेच आहेत. मामींना नमस्कार.

तुमची,
सुनीती


ढालगाव,
२५ जानेवारी १९९४

चि. सुनीतीला बाजीरावमामाचे पोटभर आशीर्वाद,

बाई, तू नव्या मुंबईत राहतेस की आमच्या माळावर? तिकडे म्हणे आखीव रस्ते, नंबर टाकलेली सेक्टरं, नि दिवा मागायला माझ्याकडे येतेस. मी तुझं पत्र स्टँडवर चहाच्या गाडीवर चौघांना वाचून दाखवलं. आप्पा सुताराला तर हसून ठसका लागला. पण खरं सांगू, मला बरं वाटलं. तीस वर्षं गाड्यांचे डायनामो नि स्टार्टर नव्या तारेनं भरले, पोरांपैकी कोणी विचारलं नाही की बाबा हे फिरतं कसं. तू विचारलंस.

तर ऐक. एका जीपचा डायनामो माझ्याकडे पडून आहे. तो जोरात फिरला तरच वीज देतो, वाऱ्यावर तेवढा फिरत नाही. म्हणून त्याची जाड तार काढून बारीक तारेचे जास्त वेढे घालून देतो, मग सावकाश फिरला तरी चालेल. तीन पाती आप्पा करून देईल, तुझ्या आजीच्या जुन्या पलंगाचं सागवान आहे. मागे पत्र्याची शेपटी, ती चक्राला वाऱ्याकडे तोंड करून धरते. वीज ट्रकच्या बॅटरीत साठवायची आणि तिच्यावर गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब. तुमचा तो काळा-पांढरा टीव्ही बॅटरीवर चालणारा असेल तर तोही चालेल, पण दिवसातून दोन तासच.

सदू कांदा घेऊन वाशीच्या मार्केटला येतो. पुढच्या महिन्यात सगळं त्याच्याबरोबर पाठवतो आणि उभं करून द्यायला दोन तास थांब म्हणतो. जावईबापूंची परवानगी घेतलीस ना? घरातल्या कर्त्या माणसाला विचारल्याशिवाय खिळा ठोकू नये.

आणि माझी पत्रं क्षिप्राला मोठ्यानं वाचायला लाव. इंग्रजी शाळेत घातलीस, मराठी तरी सुधारेल तिचं.

तुझा मामा


कोपरखैरणे,
६ मार्च १९९४

ती. मामा,

नमस्कार. चक्र उभं राहिलं. सदूभाऊंनी पाण्याच्या टाकीशेजारी पाइप रोवला आणि संध्याकाळी दिवा लागला. क्षिप्रा दिव्याकडे इतका वेळ बघत बसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

हे आधी हसले. मग रविवारी बॅटरीवर टीव्ही लावून शेजाऱ्यांना बोलावलं. सगळे म्हणाले, ‘विलासराव, तुमची तर स्वतःची वीज कंपनी झाली.’ तेव्हापासून चक्र ह्यांचं झालं आहे. झालं तर झालं, गच्चीवर राहू दे म्हणजे मिळवली.

पत्राला उशीर झाला, कारण मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट दुखावलं. अजून लेखणी नीट धरता येत नाही, अक्षर सांभाळून घ्या.

आता दोन-तीन शंका. पहिली, हा दिवा कोणी बाहेरून बंद करू शकतं का? म्हणजे घराचा मेन फ्यूज काढला तरी तो चालूच राहणार ना? दुसरी, खोलीतली लाइट गेली की दिवा आपोआप लागेल असं करता येतं का? तिसरी, दिव्याची तार कुठून नेली म्हणजे सहज हाताला येणार नाही?

तुमची,
सुनीती


ढालगाव,
२० मार्च १९९४

चि. सुनीतीला आशीर्वाद,

अगं, शंका आहेत की पोलिसाची उलटतपासणी? पोर मस्ती करून बटणं दाबते असं दिसतंय. असू दे, नीट सांगतो.

घराच्या फ्यूजशी या दिव्याचा काडीचा संबंध नाही. तो काढा, खिशात घालून तुर्भ्याला न्या, दिवा चालूच. आपोआप लागायला एक रिले लागतो, सदूकडे देतो; घरातली लाइट गेली की तोच बॅटरीचा दिवा जोडतो. तार दारावरच्या झरोक्यातून घे आणि दिव्याला जाळी बसव.

आता महत्त्वाचं. हे क्षिप्राला दोनदा वाचायला लाव. वारा चालू असताना डायनामोची तार बॅटरीपासून कधीही सोडायची नाही. बॅटरी म्हणजे त्याच्या मानेवरचं जू आहे. ओढायला वजन असतं म्हणून चक्र शहाण्यासारखं फिरतं. जू काढलं की बैल उधळतो. मग ते चक्र स्वतःच्याच वेगानं मोडतं आणि पातं कोयत्यासारखं सुटतं. बंडू पाटलाच्या मळ्यात एकदा म्हैस कापली गेली होती. म्हणून डायनामो ते बॅटरी मी अखंड तार दिली आहे, मधे फ्यूज नाही, बटण नाही. कोणी शहाणा बसवायला लागला तर बसवू देऊ नकोस. थांबवायचंच असेल तर पाइपला बांधलेली पांढरी दोरी ओढायची. शेपटी दुमडते, चक्र वाऱ्याला कूस देतं आणि आपोआप मंद होतं.

मनगटाला हळद-मीठ लाव. मोरी घासत जा, शेवाळ फार वाईट.

मामा


कोपरखैरणे,
२ मे १९९४

मामा,

मोरीत शेवाळ नाही. इथली लाइटही फारशी जात नाही. विलास घालवतो.

कारखान्यात काही बिनसलं, भाजीत मीठ कमी पडलं, माझ्याकडे बघून कोणी हसलं असं त्याला वाटलं, की तो आधी पुढची खिडकी लावतो. मग मीटरच्या पेटीतला चिनीमातीचा फ्यूज उपसून खिशात टाकतो. मग मारतो. अंधारात मारलं की समोरच्या घरातून काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर मला सांगता येतं की लाइट नव्हती, धडपडले. हे त्यानंच मला शिकवलं. फ्यूज काढल्याचा खट आवाज झाला की क्षिप्रा पलंगाखाली जाते. मनगट त्यानं दाराच्या फटीत धरलं होतं आणि वरून दार लोटलं होतं.

म्हणून मला दिवा हवा होता. त्याच्या खिशात न मावणारा.

परवा संध्याकाळी सातच्या सुमाराला खट झालं. आणि झरोक्यातला दिवा लागला. मामा, नऊ वर्षांत मी मार खातानाचं त्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं. माझे केस त्याच्या मुठीत होते, दुसऱ्या हातात लाटणं होतं आणि तो वर दिव्याकडे बघत होता. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं होतं. समोरच्या गीतांजलीवहिनी आमच्या उघड्या दारात आल्या. झरोक्यातला उजेड बाहेर पडत होता, त्यांना आत सगळं दिसत होतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं माझे केस सोडले.

त्या गेल्यावर त्यानं जाळी उचकटून बल्ब फोडला आणि बॅटरी लाथेनं आडवी केली. तिच्यातलं आम्ल जमिनीवर पसरलं आणि मला त्यात अनवाणी उभं केलं. ‘हलशील तर पोरीला उभी करीन.’ मी हलले नाही. तळव्याची साल गेली आहे, मी टाचांवर चालते.

चक्र त्यानं ठेवलं आहे. रविवारी टीव्ही लागतो ना. बॅटरी निकामी झाली म्हणून मी गुपचूप दोरी ओढून ठेवली आहे.

मी क्षिप्राला घेऊन तुमच्याकडे येऊ का? आई-अण्णा असते तर तुम्हाला विचारलं नसतं. मी फॉल-बिडिंग करते, शिलाई येते, कोणावर ओझं होणार नाही. हो म्हणा, मी त्याच दिवशी निघते.

सुनीती


ढालगाव,
१५ मे १९९४

चि. सुनीती,

तुझं पत्र आलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हे आपल्या घरात घडेल असं वाटलं नव्हतं.

घर तुझंच आहे, ते विचारू नये. पण घाई करू नकोस. संसारातून उठून आलं की परत जाताना मान खाली घालावी लागते, आणि मुलीचा बाप तो बाप. इकडे तुझ्या मामेबहिणीचं ठरत आलं आहे, पाहुणे चौकशी करतात, घरात कोण आहे, का आहे. दिवाळीला रीतसर माहेरपणाला ये, तोवर निवळेल. जावईबापू मनाचे वाईट नसावेत, कामाचा ताण असतो.

मी वडील माणूस आहे, मला गप्प बसवत नाही. म्हणून आजच त्यांच्या नावे वेगळं पत्र टाकलं आहे. रागानं नाही, चार समजुतीच्या गोष्टी लिहिल्या आहेत. वडिलकीनं कोणी समजावलं की माणूस वरमतो, हा माझा अनुभव आहे.

नवी बॅटरी सदूकडे देतो. तळपायाला खोबरेल लाव.

मामा


कोपरखैरणे,
४ जुलै १९९४

मामा,

तुमचं पत्र त्याला कारखान्याच्या पत्त्यावर मिळालं. त्यानं ते घरी आणलं, नवा बल्ब काढला, खिडकी लावली, पण फ्यूज काढला नाही. म्हणाला, ‘वाचायला लाइट पायजे ना.’

तुम्ही म्हणाला होता की तुमची पत्रं क्षिप्राला मोठ्यानं वाचायला लावावीत. त्यानं तेच केलं. तिला स्टुलावर बसवलं आणि मला जमिनीवर. हातात बॅटरीच्या जाड तारेचा उरलेला तुकडा होता. ‘एक एक वाक्य वाच. पूर्णविराम आला की थांब.’ ती वाक्य वाचायची आणि थांबायची, आणि ती थांबली की तो मारायचा. ‘आपण सुज्ञ आहात.’ थांब. ‘स्त्री ही घरची लक्ष्मी असते.’ थांब. दुसऱ्या पानावर पोरगी शहाणी झाली, मधली वाक्यं गाळायला लागली. त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं तिला पहिल्यापासून वाचायला लावलं.

तुम्ही पत्रं लांब लिहिता, मामा.

डाव्या बाजूच्या दोन बरगड्या गेल्या. डॉक्टरना मी जिन्यावरून पडले असं सांगितलं. क्षिप्रा आता घरात बोलत नाही. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तर तिला तिथेच शू झाली.

यापुढे त्याला काही लिहू नका. मलाही लिहिलंत तर गीतांजलीवहिनींच्या पत्त्यावर लिहा. येऊन न्यायचं असेल तर या. नसेल तर तसं स्पष्ट कळवा, मी वाट बघणार नाही.

एक विचारायचं राहिलं. जू काढलं की बैल किती वेळात उधळतो?

सुनीती


ढालगाव,
१६ जुलै १९९४

सुनीती,

लहान लिहितो.

चुकलो. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून कागदावर सांगतो. वीस ऑगस्टला, शनिवारी, तुला आणि पोरीला न्यायला येतो. एक पिशवी भरून ठेव.

चक्राचं विचारलंस. जोराचा वारा असेल तर वीस मोजेपर्यंत. आवाज बदलतो, आधी घरघरतं, मग शिट्टी वाजायला लागते. तेव्हा खाली कोणी थांबू नये. दोरीसुद्धा तेव्हा ओढू नये, आधीच ओढावी. तार सैल झाली असेल तर तू हात लावू नकोस, सदूला सांगतो.

मामा


कोपरखैरणे,
३१ ऑगस्ट १९९४

ती. मामा,

तारेनं कळवलं आहेच. विलास रविवारी, अठ्ठावीस तारखेला दुपारी गेला.

गच्चीवर चक्र दुरुस्त करायला चढला होता. वारा फार होता. पातं बुंध्यापासून तुटलं आणि मानेवर लागलं. टाकीवरून खाली पडेपर्यंत तो जिवंत होता, रिक्षात घातला तेव्हा नव्हता. गच्ची मी धुतली, पण सिमेंटनं रक्त पिऊन घेतलं आहे. पात्याचा तुकडा तिसऱ्या घराच्या पत्र्यात रुतला होता, तो पोलिसांनी नेला.

जुईनगरहून माझे दीर प्रसादभावजी आले आहेत. त्यांना संशय आहे. बायको दोन हातांच्या अंतरावर उभी आणि नवरा मेला, असं कसं, म्हणतात. क्षिप्राला जुईनगरला नेतो म्हणाले. मी नाही म्हटलं तर म्हणाले, ‘पोलीस काय बोलतात ते बघू, मग पोरगी कोणाची ते ठरवू.’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे, मामा. यानंही बायकोचा दात पाडलेला मी बघितला आहे.

चक्र कोणी केलं असं पोलिसांनी विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला बोलावतील.

तुम्ही वीसला येणार होता.

सुनीती


ढालगाव,
२० सप्टेंबर १९९४

सुनीती,

तेराव्याला आलो, पण तुझ्या दिराच्या माणसांत दोन शब्द बोलता आले नाहीत. जे बोलायचं ते आता लिहितो आणि तू लांबी मोजू नकोस.

वीस ऑगस्टला मी सांगली स्टँडवर होतो. तिकीट काढलं. गाडी फलाटाला लागली. तुझ्या नवऱ्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते सुचेना. तो अंगावर आला तर या वयात काय करू, असं वाटलं. गाडी गेली आणि मी बाकावर बसून राहिलो. घरी जाऊन सांगितलं की गाडी भरून आली होती. दोन वर्षांपूर्वी जत्रेला आलीस तेव्हा तुझा दंड सुजलेला मी बघितला होता. बघून तुझ्या मामीला म्हणालो, ‘विचारू नकोस, ती सांगेल तेव्हा सांगेल.’ मला ठाऊक होतं, सुनीती. पहिल्या पत्रातसुद्धा ठाऊक होतं. लाइट जाते हे तुझं म्हणणं मी खरं धरलं, कारण तेच सोयीचं होतं.

आता पोलिसांचं. इन्स्पेक्टरनी मला गच्चीवर नेलं. जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला, हाताच्या उंचीवर एक चिनीमातीचा फ्यूजचा खोका बसवलेला होता, डायनामोच्या तारेवर. आत फ्यूज नव्हता. तो विलासच्या खिशात सापडला. इन्स्पेक्टर म्हणाले, ‘मिस्त्री, हा तुम्ही बसवलेला काय?’

मी म्हणालो, ‘हो. माझ्याच हातचा. आराखडाच तसा.’

‘आणि काढला तर चक्र थांबतं की जोरात फिरतं?’

‘साहेब, फ्यूज काढला की यंत्र थांबणार, असंच कोणीही धरून चालेल. मीही धरून चाललो. माझं वय झालं, बारीक तारेच्या नादात एवढं ध्यानात आलं नाही. चूक असेल तर माझी.’

त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. तीस वर्षांची माझी कारागिरी एका सहीत गेली, पण अपघात म्हणून कागद बंद होईल असं ते म्हणाले. बंद झाला की दीर पोरीला नेऊ शकत नाही. तू गप्प राहा, एवढंच तुझं काम.

मी अखंड तार दिली होती. फ्यूज कोणी बसवला, ते मला सांगू नकोस असं म्हणणार होतो. पण ते न कळता मला झोप लागत नाही. सांग.

मामा


कोपरखैरणे,
३० सप्टेंबर १९९४

मामा,

फ्यूज मी बसवला. तुमचं जुलैचं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी. विलास दिवसपाळीला होता. खोका इथल्याच दुकानातून आणला, मीटरच्या पेटीत आहे तसाच, त्याच रंगाचा. बल्बही परत लावला, त्याला दिसणार नाही असा, झरोक्याच्या आतल्या अंगाला.

वीस तारखेला मी पिशवी दारामागे ठेवून बसले होते. रविवारी अठ्ठावीसला ती त्याला सापडली. क्षिप्राचे दोन फ्रॉक बघून त्यानं काही विचारलं नाही, सरळ खिडकी लावली आणि फ्यूज काढला. दिवा लागला. मग तो वेडापिसा झाला. मला जिन्यावरून केसांनी ओढत वर नेलं, दिव्याच्या तारेचा माग काढत. वारा असा होता की चक्राकडे बघवत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला आणि म्हणाला, ‘हे कशानं बंद होतं?’

नऊ वर्षांत त्यानं मला कशाबद्दलही विचारलं नव्हतं. कसं करायचं, काय करायचं, हे तो सांगायचा. पहिल्यांदा विचारलं. दोरी त्याच्या हातापासून वीतभर लांब होती. मी म्हणाले, ‘तो फ्यूज काढा.’

त्यानं काढला आणि सवयीनं खिशात टाकला. चक्र घरघरायला लागलं. ते थांबत नाही बघून तो टाकीवर चढला, लोखंडी गज घेऊन. मी मोजत होते. शिट्टी वाजायला लागली तेव्हा मला हाक मारता आली असती. पातं मोडेल, तो घाबरेल, असं काही मी मनात धरलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. मला तो मरायला हवा होता. मेला तेव्हा मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

इथवर तुम्ही म्हणता तसं मी गप्प राहिले असते. माझ्या मनाला टोचणी नाही, तुमची सही मी आयुष्यभर डोक्यावर घेतली असती.

पण काल क्षिप्रा बोलली. तीन महिन्यांनी पहिलं वाक्य बोलली. मी तिची वेणी घालत होते. म्हणाली, ‘आई, मी बाबांना दोरी सांगायला पायजे होती का?’

ती जिन्यात होती, मामा. मधल्या पायरीवर. दोरीचं तुमचं पत्र तिनं मार्चमध्ये दोनदा वाचलं होतं, पाठ होतं तिला. त्याचा प्रश्न तिनं ऐकला, माझं उत्तर ऐकलं आणि ते चुकलं आहे हे तिला कळलं. तिला वाटतं आई विसरली, आणि आपल्याला आठवत असून आपण बोललो नाही. ‘मला येत होतं, पण मी नाही सांगितलं. म्हणून मेले ना?’ आठ वर्षांचं पोर महिनाभर हे एकटं घेऊन झोपत होतं.

मी तिला सांगितलं की आई विसरली नव्हती, आईनं मुद्दाम सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मला वाचवायला मी खोटं बोलते आहे असं तिला वाटलं. घरात सगळे सगळ्यांना वाचवायला खोटंच बोलतात, हेच तर ती शिकली आहे. कागदावर अपघात लिहिलं, तर ती मोठी होईल आणि बापाला आपणच मारलं असं धरून जगेल. तुमची सही, माझं गप्प बसणं, सगळ्याचा भार तिच्यावर.

म्हणून सोमवारी, दहा ऑक्टोबरला, मी पोलीस ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहे. खोका कोणी आणला, कोणत्या दुकानातून आणला, मी काय बोलले, सगळं. पाठीवरचे वळ आणि बरगड्यांचा कागदही दाखवणार आहे. गीतांजलीवहिनी बरोबर येणार म्हणाल्या आहेत, त्या संध्याकाळी त्यांनी जे बघितलं ते सांगायला. मला शिक्षा होईल तेवढी होऊ दे. आईनं केलं, असं कोर्टात सगळ्यांसमोर म्हटलेलं तिच्या कानांवर पडायला हवं.

मी आत गेले की प्रसादभावजी तासाभरात तिच्यासाठी येतील. तुम्ही त्याआधीच्या शनिवारी, आठ तारखेला, इथे पोचा आणि तिला घेऊन जा. येताना काय बोलायचं याचा विचार करू नका, तिच्याशी कोणी फार बोललेलं तिला आवडत नाही. दूध ती साखर न घालता पिते.

सुनीती